साप्ताहिक आरोग्यसदर: टीप, बातमी आणि विनोद कोणत्या क्रमाने तपासायचे

नैसर्गिक उपायांच्या टिपा, आरोग्याच्या दोन बातम्या आणि शेवटी एक विनोद असं साप्ताहिक सदर चालवणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांच्या चुका त्याच त्या असतात. टिपेत मात्रा नसते. उंदरांवरचा प्रयोग माणसांवरचा म्हणून छापला जातो. ‘तान्ह्या बाळाला देऊ नये’ ही ओळ जागा पुरत नाही म्हणून ऐन वेळी कापली जाते. या चुका माहितीच्या अभावाने क्वचितच होतात, बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा असतो. आधी मजकूर लिहून होतो, मग मांडणी होते आणि वेळ उरलाच तर तपासणी होते. लिहून झालेली टीप काढून टाकायला मन धजत नाही, म्हणून ती तशीच पुढे जाते. खाली दिलेल्या क्रमात लिहिण्याची पाळी सहाव्या टप्प्यावर येते, आणि ती तिथेच यायला हवी.

## तयारी

एक नोंदवही घ्या आणि तिच्यात सहा रकाने आखा: दावा, मूळ स्रोत, कोणावर तपासला, मात्रा, कोणी करू नये, निर्णय. संगणकावर केलं तरी चालेल, पण ‘कोणी करू नये’ हा रकाना रिकामा असेल तर टीप पुढे सरकणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

सदराचा आकार ठरवा. तीन टिपा, दोन बातम्या, एक विनोद एवढं पुरतं, आणि ही वरची मर्यादा समजा. जागा भरायची म्हणून घेतलेली तिसरी कच्ची टीपच बहुधा अंगाशी येते. त्यासाठी पूर्वी तपासून झालेल्या चार-पाच टिपा राखीव ठेवा.

एका जाड कागदावर वाचकांचे हे गट लिहून टेबलासमोर लावा: १ वर्षाखालची बाळं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, मधुमेहाची औषधं घेणारे, रक्तदाबाची औषधं घेणारे, लवकरच शस्त्रक्रिया होणारे. प्रत्येक टीप या सातही गटांसमोर धरायची आहे.

शिवाय एक डॉक्टर किंवा फार्मासिस्ट हवा, जो आठवड्यातून पंधरा मिनिटं देईल. त्याला ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका, ‘हे कोणाला बाधेल?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर मान डोलावली जाते, दुसऱ्यावर नावं मिळतात.

## १. दावा एका वाक्यात बसवा

जमलेलं प्रत्येक कात्रण, आलेला प्रत्येक संदेश एका वाक्यात उतरवा. त्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय घ्यायचं, किती, किती दिवस, कोणी आणि कशासाठी. ‘हळद गुणकारी आहे’ हा दावा नाही. तो खराही ठरत नाही आणि खोटाही, त्यामुळे तपासताच येत नाही. ‘१ वर्षावरील मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी झोपण्याआधी अर्धा चमचा मध’ हा दावा आहे, त्यात फक्त ‘किती दिवस’ शोधायचं राहिलं आहे.

पाचपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या तर कात्रण बाजूला ठेवा. स्वतःच्या अंदाजाने त्या भरू नका. ‘साधारण एक चमचा असेल’ असं म्हणून भरलेली मात्रा पुढच्या वाचकाला शास्त्रीय मात्रा वाटते.

तपासा: ‘डिटॉक्स’, ‘प्रतिकारशक्ती वाढते’, ‘रक्त शुद्ध होतं’ असे शब्द उरले आहेत का? मोजता येईल असं काहीच त्यांत नसतं. ते काढल्यावर वाक्यात काही शिल्लक राहत नसेल, तर दावा मुळातच नव्हता.

## २. पुराव्याच्या आधी धोका पाहा

हा टप्पा लोक सर्वात जास्त गाळतात, आणि सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. उपाय गुणकारी आहे की नाही हे ठरवायला दोन तास लागतात, तो कोणाला घातक आहे हे मात्र पुष्कळदा दहा मिनिटांत कळतं. म्हणून आधी हे पाहायचं.

धोका चार वाटांनी येतो.

पहिली वाट म्हणजे तो पदार्थच काहींना चालत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण १ वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. मध शिजवला तरी हा धोका जात नाही, कारण बीजाणू घरगुती उष्णतेला दाद देत नाहीत. ‘थोडंसं बोटाला लावून’ हीसुद्धा सूट नाही.

दुसरी वाट मात्रेची आणि मुदतीची. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. घसा बसला म्हणून एक-दोन दिवस चघळणं वेगळं आणि महिनोन्‌महिने रोज काढा घेणं वेगळं. टिपेत मुदत नसेल तर वाचक ‘रोज, कायम’ असंच समजतो.

तिसरी वाट औषधांशी होणाऱ्या झगड्याची. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातल्या एका विकराला (एन्झाइमला) रोखतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनसारख्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती उलट काम करते. ती औषधं लवकर निकामी करते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यामुळे कमी होऊ शकतो. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने हिरव्या पालेभाज्या सोडायच्या नसतात, पण एकदम वाढवायच्याही नसतात. त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचं रोजचं प्रमाण बदललं की औषधाचं गणित बिघडतं. ‘मिठाऐवजी पोटॅशियमचं मीठ वापरा’ ही टीप पुष्कळांना उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि रक्तदाबाची काही ठरावीक औषधं घेणाऱ्याला तीच धोक्याची ठरते. शस्त्रक्रियेआधी तर वनौषधींच्या गोळ्या किमान दोन आठवडे बंद करण्याचा सल्ला सहसा दिला जातो, कारण त्यांतल्या काही रक्त गोठण्यात अडथळा आणतात.

चौथी वाट उपचाराला उशीर होण्याची. इथे पदार्थ निरुपद्रवी असला तरी माणसाचं नुकसान होतं. छातीत दुखणं, शरीराच्या एका बाजूची शक्ती जाणं, बोलताना जीभ अडखळणं, थुंकीतून किंवा शौचातून रक्त, श्वास लागणं, तान्ह्या बाळाचा ताप: या लक्षणांवर सदरात घरगुती उपाय द्यायचाच नाही. ‘सोबत डॉक्टरांना दाखवा’ अशी पुस्ती जोडूनही नाही. पुस्ती वाचली जात नाही, उपाय वाचला जातो.

सावध: सवयीच्या उपायांना या टप्प्यातून सूट मिळत नाही. सर्दीत वाफ घेण्याचा फायदा अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही. उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून मुलं भाजल्याच्या घटना मात्र वैद्यकीय नोंदींत वारंवार आढळतात.

जलनेतीची टीप नेहमीच चुकीची छापली जाते, म्हणून ती पूर्ण लिहितो. पिण्यायोग्य नळाचं पाणी नाकात घालण्यायोग्य असेलच असं नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीपात्रात नळाचं पाणी वापरल्याने दोन मृत्यू झाले. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळावं, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं, आणि मग झाकून कोमट होऊ द्यावं. १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे २५० मिलिलिटरला सव्वादोन ग्रॅम. मीठ कमी पडलं की नाकात झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं, आणि लोक पहिल्याच दिवशी सोडून देतात. पात्र दर वेळी धुऊन पूर्ण कोरडं करावं. ‘कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून’ या पाच शब्दांत यातलं काहीच येत नाही.

## ३. पुरावा कुठल्या पायरीवर आहे?

आता मूळ अभ्यास शोधा. बातमी ज्या संशोधनावर बेतली आहे त्याचं शीर्षक किंवा संशोधकाचं नाव पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या विनामूल्य सूचीत टाकलं की सारांश सापडतो. त्याच विषयावर कॉक्रेन या संस्थेचा आढावा असेल तर आधी तो वाचा, कारण त्यात एका अभ्यासाऐवजी उपलब्ध चाचण्या एकत्र तोललेल्या असतात.

सारांशात चार गोष्टी पाहा.

अभ्यास कोणावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर की माणसं? बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मिठाच्या तीव्र द्रावणानेही मरतात. पेशींवरचा किंवा उंदरांवरचा निष्कर्ष टीप म्हणून जाता कामा नये. बातमी म्हणून द्यायचा असेल तर ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यात हवा.

नुसतं निरीक्षण होतं की चाचणी? हा फरक किती महाग पडतो याचं उदाहरण गाजरातल्या बीटा-कॅरोटिन या घटकाचं आहे. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची गोळी दिली त्यांच्यात कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला. निकाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाजर चांगलं असलं म्हणून गाजरातला एक घटक गोळीतून घेणं चांगलं, हे अनुमान इथे कोसळलं. तरी ते आजही दर आठवड्याला नव्या वेष्टनात आपल्यासमोर येतं.

माणसं किती होती आणि किती गोष्टी मोजल्या? २०१५ मध्ये जॉन बोहानन या पत्रकाराने काही सहकाऱ्यांसह मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला. पंधरा माणसं, तीन आठवडे, आणि वजन, झोप, कोलेस्टेरॉल अशी अठरा मोजमापं. एवढ्या मोजमापांत एखादं तरी योगायोगाने ‘लक्षणीय’ निघणारच होतं. निघालं ते असं की चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन लवकर उतरतं. पैसे भरून छापणाऱ्या एका नियतकालिकात तो आला आणि अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी आनंदाने उचलला. तुमच्या सदरात हा येऊ नये यासाठी एकच प्रश्न पुरेसा होता: माणसं किती?

अभ्यास मागे घेतला गेला आहे का? गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा १९९८ चा शोधनिबंध बारा मुलांवर आधारलेला होता आणि २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला. पबमेडमध्ये अशा निबंधावर तशी ठळक सूचना असते. ती पाहायला अर्धं मिनिट लागतं.

तपासा: ‘कोणावर तपासला’ या रकान्यात आता तुम्ही ‘माणसं, इतकी, इतके आठवडे’ असं लिहू शकता का? ‘संशोधनातून सिद्ध’ एवढंच लिहिता येत असेल तर टप्पा झालेला नाही.

## ४. मात्रा जुळवा

अभ्यासात वापरलेली मात्रा आणि टिपेतली मात्रा एकच आहे का, हे गणित करून पाहा. हळदीत करक्युमिन हा घटक वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. एक चहाचा चमचा हळद सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे करक्युमिन जेमतेम ९० मिलिग्रॅम. अभ्यासांत बहुधा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त करक्युमिन असतं, तेही पुष्कळदा शोषण वाढवणाऱ्या मिरीच्या अर्कासह. तेव्हा गोळीच्या अभ्यासाचा निकाल दुधातल्या चमचाभर हळदीला लावता येत नाही. उलटही खरं आहे: स्वयंपाकातल्या हळदीची सुरक्षितता गोळीला लावता येत नाही, कारण तीव्र अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

एककं पक्की ठेवा. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, आणि काठोकाठ सपाट. जुलाबात द्यायच्या घरगुती साखर-मीठ-पाण्याचं प्रमाण १ लिटर स्वच्छ पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असं आहे. इथे शिगोशीग भरलेला मिठाचा चमचा लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतो. पाणी अर्धा लिटर घेतलं आणि मीठ तेवढंच ठेवलं तरी तेच होतं. तयार पाकीट मिळत असेल तर ते आधी सुचवा, घरगुती प्रमाण नंतर.

‘मूठभर’, ‘थोडंसं’, ‘चवीपुरतं’ हे शब्द पाककृतीत शोभतात, आरोग्याच्या टिपेत नाहीत.

## ५. बातमीतली टक्केवारी उलगडा

‘धोका १८ टक्क्यांनी वाढतो’ असं वाचल्यावर पहिला प्रश्न हवा: कशाच्या १८ टक्के? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल हा आकडा दिला. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, एरवी १०० माणसांपैकी ५ जणांना आयुष्यात हा आजार होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६. बातमीत दोन्ही आकडे द्या. एकटे १८ टक्के वाचणाऱ्याला शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार असं वाटतं.

त्याच वेळी दुसरी चूक झाली. संस्थेच्या कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत मांसाचा हा प्रकार तंबाखूच्याच गटात टाकला गेला, म्हणून ‘तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे आले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे हे त्यावरून कळत नाही.

फायद्याच्या आकड्यांचंही असंच करा. ‘सी’ जीवनसत्त्व नियमित घेतल्यास मोठ्यांच्या सर्दीचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, असं कॉक्रेनच्या आढाव्यात दिसतं. सात दिवसांच्या सर्दीत हा साधारण अर्धा दिवस झाला. सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर तेवढाही फरक सातत्याने दिसलेला नाही. ‘अर्धा दिवस’ हे शब्द वाचकाला आठ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

मथळा सर्वात शेवटी लिहा, आणि तो बातमीतल्या सर्वात कमकुवत वाक्यापेक्षा जोरकस नको.

## ६. आता लिहा

क्रम असा: कोणी करू नये, मग काय आणि किती, मग काय अपेक्षा ठेवावी, मग कधी थांबावं. इशारा पहिल्याच वाक्यात, कारण वाचक टिपेचा वरचा भाग कापून किंवा फोटो काढून पुढे पाठवतो आणि खालची ओळ मागेच राहते.

चुकीची टीप: ‘खोकल्यावर मध हा रामबाण उपाय. लहान-मोठ्यांना लगेच आराम.’

बरोबर टीप: ‘१ वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, अगदी थेंबभरही. १ ते ५ वर्षांच्या मुलाला रात्री झोपण्याआधी अर्धा चमचा, ६ ते ११ वर्षांच्या मुलाला एक चमचा, त्यापुढे दोन चमचे. रात्रीचा खोकला थोडा कमी होऊन झोप लागायला मदत होते, आजार बरा होत नाही. त्यानंतर दात घासा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. श्वास लागत असेल, धाप येत असेल किंवा खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालला असेल तर डॉक्टरांकडे जा.’

लांबी वाढते, हे खरं. म्हणूनच टिपा तीनच.

## ७. विनोद निवडा

विनोदाला तपासणी लागत नाही, हा समज सोडा. विनोदात उपाय, औषधाचं नाव किंवा मात्रा नको. ज्या विनोदात रुग्ण गोळ्या फेकून देतो आणि ठणठणीत होतो, तो वेगळा कापला की टीप बनतो. रुग्णाच्या जाडीवर, विस्मरणावर, मानसिक आजारावर हसवणारा विनोद त्याच रुग्णाच्या हातात पडणार आहे, हे लक्षात ठेवा. सवयींवर हसवा:

‘डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून मी रोज चालतो.’
‘छान. किती वेळ?’
‘चष्मा सापडेपर्यंत.’

मांडणीत विनोदाला चौकट करा आणि वर ‘विनोद’ असं स्पष्ट लिहा. खोट्या बातमीच्या रूपातला विनोद, म्हणजे ‘शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की…’ अशा सुरुवातीचा, घेऊच नका. सदरात खरी बातमीही त्याच शब्दांनी सुरू होत असते. व्यंगचित्र वापरायचं तर चित्रकाराची परवानगी आधी.

## ८. एक रात्र ठेवा, मग मोठ्याने वाचा

पूर्ण झालेला मजकूर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वतः लिहिलेली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. ऐकताना आकड्यांवर कान ठेवा. ०.५ मधला टिंब गळून ५ होतं. ‘मायक्रोग्रॅम’चं ‘मिलिग्रॅम’ झालं की मात्रा हजारपट होते. ‘ड’ जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, आणि प्रौढाची रोजची वरची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ४,००० युनिट. दोन्ही एककं एकाच टिपेत मिसळू नका. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द ओळीच्या शेवटी तुटून ‘एकदा’ पुढच्या ओळीत गेलं आहे का, तेही पाहा.

तपासा: सात गटांचा कागद पुन्हा समोर धरा. मांडणी करताना एखादा इशारा कापला गेला असेल तर टीपही काढा आणि राखीव टीप लावा.

चूक छापली गेलीच तर पुढच्या अंकाची वाट न पाहता ज्या मार्गाने सदर गेलं त्याच मार्गाने दुरुस्ती पाठवा, आणि पुढच्या अंकातही त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. ‘अनवधानाने झालेली चूक’ एवढं पुरत नाही. दुरुस्तीत तीन ओळी हव्यात: काय छापलं होतं, बरोबर काय आहे, आणि चुकीच्या मात्रेने कोणी आधीच घेतलं असेल तर त्याने आता काय करावं. तिसरी ओळ आपल्या डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडूनच लिहून घ्या.